यतीम कोणाला म्हणावे? परदेशी दत्तकाचा इतिहास आणि आपली जबाबदारी



आपल्या समाजात एखादी शिक्षण संस्था उभी राहिली की तिच्या जोडीला यतीमखाना, निदान गरीब मुलांचे वसतिगृह असावे, ही जुनी रीत आहे. यतीमाच्या डोक्यावरून मायेचा हात फिरवणे हे आपण सवाबाचे काम मानतो. परंतु यतीम नेमके कोणाला म्हणावे, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. अरबी भाषेत यतीम म्हणजे ज्याचे वडील वारले आहेत असे लहान मूल. म्हणजे पुष्कळदा यतीमाची आई हयात असते. ही साधी गोष्ट ध्यानात ठेवून प्रस्तुत लेख वाचावा, अशी विनंती आहे. कारण अनाथ म्हणून ज्या मुलांना आजवर दूरदेशी पाठवण्यात आले, त्यांतील कितीतरी मुले अनाथ नव्हतीच. त्यांची आई जिवंत होती. ती फक्त गरीब होती.

विषय परदेशी दत्तकाचा आहे. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलपट्टीत राहणाऱ्यांना तो फार लांबचा वाटेल. तो तसा नाही, हे इतिहास पाहिला म्हणजे कळून येते.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांताची दैना केली. आपला चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता. आजचा गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला. त्याआधी तोही चांद्याचाच भाग होता. पहिल्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात आल्या आणि शेकडो मुली पुणे जिल्ह्यातील केडगावला घेऊन गेल्या. आर्य समाजाच्या वतीने लाला लजपतराय यांनी अनाथ मुलांना पंजाबातील अनाथालयांत नेण्याची मोहीम चालवली. मिशनऱ्यांची अनाथालयेही भरून गेली. मुसलमानांत लाहोरच्या अंजुमन-ए-हिमायत-ए-इस्लाम या १८८४ साली स्थापन झालेल्या संस्थेने यतीमखाना चालवला. या सर्वांनी उपाशी मुलांचे प्राण वाचवले, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. पण त्याच वेळी मूल कोणत्या धर्माच्या वहीत नोंदले जाते याची चढाओढ लागली, हेही खरे आहे. त्या चढाओढीत पाऊस पडल्यावर, पीक आल्यावर, एखादा बाप मुलाला शोधत आला तर त्याने कोणते दार ठोठवावे, याची चिंता फारशी कोणी वाहिली नाही. मुलाला वाचवणे आणि मुलाला आपले करून टाकणे, यांतील फरक तेव्हापासून पुसट झाला.

विसाव्या शतकात ही गोष्ट देशांच्या सीमा ओलांडून गेली. कोरियाचे युद्ध १९५३ साली थांबले आणि १९५५ साली अमेरिकेतील ऑरेगन राज्यातील एका शेतकरी दांपत्याने खास कायदा करवून घेऊन आठ कोरियन मुले घरी नेली. तेथून ओघ सुरू झाला. पुढील दशकांत दक्षिण कोरियातून एक लाख चाळीस हजारांहून अधिक मुले परदेशी गेली. १९७१ च्या युद्धानंतर बांगलादेशाने १९७२ साली सोडून दिलेल्या मुलांसाठी खास हुकूम काढला आणि त्यांना परदेशी घरे मिळण्याची वाट मोकळी केली. १९८२ साली तो हुकूम रद्द करण्यात आला. युरोप-अमेरिकेत मूल नसलेल्या जोडप्यांना मूल हवे होते, तेथे दत्तकासाठी मुले कमी पडू लागली होती, आणि गरीब देशांतील अनाथालये भरलेली होती. मागणी आणि पुरवठा अशी बाजारातील भाषा येथे वापरणे जिवावर येते, पण घडले ते तसेच.

भारतातून परदेशी जाणाऱ्या मुलांची वाट कायद्याच्या एका फटीतून जात होती. ही फट समजून घ्यावी, कारण तिचा संबंध आपल्या समाजाशीही आहे. १९५६ चा हिंदू दत्तक व पोटगी कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांना लागू आहे. मुसलमान, ख्रिस्ती, पारशी आणि परदेशी नागरिक यांच्यासाठी दत्तकाचा कायदाच नव्हता. त्यांना १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली फक्त पालक म्हणून नेमणूक मिळे. परदेशी जोडपे जिल्हा न्यायालयातून अथवा उच्च न्यायालयातून पालकत्वाचा हुकूम घेई, मुलाला आपल्या देशात नेई आणि दत्तकविधान तेथील कायद्याने पुरे करी. मध्यंतरी काय झाले, मूल कोणाच्या घरी पोचले, दत्तकविधान खरोखर झाले की नाही, हे येथील न्यायालयाला कळण्याची सोय नसे.

सर्वांसाठी एक दत्तक कायदा असावा म्हणून १९७२ साली राज्यसभेत विधेयक आले. मुस्लिम संघटनांनी त्याला विरोध केला आणि १९७८ साली ते मागे घेण्यात आले. १९८० च्या विधेयकातून मुसलमानांना वगळण्यात आले, पण तेही कायद्यात उतरले नाही. विरोधामागे धर्माचे कारण होते आणि त्याचा विचार पुढे केला आहे. येथे एवढेच नमूद करावयाचे की वाद मोठ्यांच्या हक्कांचा चालला आणि त्या वर्षांत मुले फटीतून जातच राहिली.

१९८२ साली लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिले. परदेशी नियतकालिकातील एका वृत्तान्ताचा आधार घेऊन त्यांनी तक्रार केली की, काही संस्था आणि दलाल भारतीय मुले परदेशी पाठवतात, लांबच्या प्रवासात त्यांचे हाल होतात आणि काहींच्या वाट्याला दत्तकाच्या नावाखाली गुलामी येते. न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतले. ६ फेब्रुवारी १९८४ रोजी न्यायमूर्ती प्र. न. भगवती यांनी दिलेला निकाल हा भारतातील दत्तकाच्या इतिहासातील मैलाचा दगड आहे.

विद्यार्थी मित्रांनो, त्या निकालातील मुख्य गोष्टी लक्षात ठेवा. मुलाचा पहिला हक्क आपल्या जन्मदात्या आईबापांजवळ वाढण्याचा. ते शक्य नसेल तर भारतातील घर. तेही न मिळाल्यास परदेशी घर. परदेशी अर्जदाराने परस्पर मूल मागू नये. त्याच्या देशातील मान्यताप्राप्त संस्थेमार्फत, घराची रीतसर पाहणी करूनच अर्ज यावा. आईने मूल सोडण्याचा निर्णय बाळंतपणापूर्वी घेऊ नये आणि निर्णय फिरवण्यासाठी तिला तीन महिन्यांची मुदत मिळावी. ज्या संस्थेला मूल पाठवण्यात रस आहे तिनेच स्वतःची तपासणी करू नये. ते काम भारतीय समाजकल्याण परिषद अथवा भारतीय बालकल्याण परिषद यांसारख्या त्रयस्थ संस्थेने करावे. मूल गेल्यावर त्याच्या वाढीचे अहवाल ठरावीक काळाने येत राहावेत. पुढे १९९० साली केंद्रीय दत्तक संस्था, जिला कारा म्हणून ओळखतात, ती स्थापन झाली. १९९३ चा हेग करार भारताने २००३ साली मंजूर केला. त्या करारानेही हाच क्रम मान्य केला आणि मुलाच्या जन्मकुळाची माहिती जपून ठेवण्याचे बंधन घातले.

कागदावर एवढी व्यवस्था झाली. मग बिघडले कोठे? तीन ठिकाणची उदाहरणे पाहू.

पहिले उदाहरण आपल्या शेजारचे आहे. राजुरा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. राजुरा-जिवती भागात जसे बंजारा तांडे आहेत तसेच तेलंगणातही आहेत. तेथे त्यांना लंबाडा म्हणतात. १९९९ मध्ये आणि पुन्हा २००१ मध्ये उघडकीस आले की, तत्कालीन आंध्र प्रदेशातील या तांड्यांतून नवजात मुली दलालांमार्फत अल्प पैशांत घेतल्या जात होत्या आणि हैदराबाद परिसरातील अनाथालयांतून परदेशी दत्तकासाठी पुढे केल्या जात होत्या. तिसरी-चौथी मुलगी, हुंड्याची धास्ती आणि घरात दाणा नाही, अशा बाईच्या अंगठ्याखाली कागद सरकवणे अवघड नव्हते. त्या कागदावर लिहिले होते की, आई स्वखुशीने मूल सोडून देत आहे. गरिबीने घेतलेला अंगठा आणि खुशीने दिलेली संमती यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पुढे त्या सरकारने गरिबीच्या कारणावरून मूल सोडून देण्यास मनाई केली.

दुसरे उदाहरण चेन्नईचे. झोपडपट्ट्यांतून पळवलेली मुले मलेशियन सोशल सर्व्हिसेस या संस्थेमार्फत परदेशी दत्तक गेल्याचे प्रकरण २००५ साली बाहेर आले. नेदरलँड्स, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेपर्यंत ती मुले पोचली होती. ज्यांची मुले गेली त्यांत गरीब मुस्लिम कुटुंबही होते. येथे अंगठ्याचीही गरज लागली नाही. नवे नाव आणि नवी कहाणी तयार केली की काम भागत होते.

तिसरे उदाहरण आपल्या महाराष्ट्राचे, पुण्याच्या प्रीत मंदिर या संस्थेचे. दत्तकासाठी अवाच्या सवा रकमा मागितल्याचे आणि आईबापांवर दबाव आणल्याचे आरोप या संस्थेवर झाले. २००६ साली दूरचित्रवाणीवर छुप्या चित्रणातून प्रकरण गाजले आणि २०१० साली मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने केंद्रीय अन्वेषण विभागाने तपास हाती घेतला. शिक्के, परवाने, नोंदवह्या सर्व असूनही असे आरोप होऊ शकतात, हा त्यातील धडा आहे. जेथे दर मुलामागे पैसा येतो तेथे मूल मिळवण्याची घाई सुटते, आणि त्या घाईत आईचे म्हणणे ऐकायला कोणाला सवड राहत नाही.

आज परदेशी सरकारेही मागे वळून पाहत आहेत. नेदरलँड्समधील चौकशी समितीने २०२१ साली जुन्या दत्तकांतील गैरप्रकारांवर बोट ठेवले. स्वित्झर्लंडमध्ये १९७३ ते २००२ या काळात भारतातून गेलेल्या मुलांच्या कागदांचा अभ्यास झाला आणि २०२४ साली प्रसिद्ध झाला. तपासलेल्या कागदांत जन्मदात्या आईच्या संमतीचा पुरावा मिळाला नाही, असे त्यात आढळले. दक्षिण कोरियाच्या सत्यशोधन आयोगाने २०२५ साली मान्य केले की, आईबाप असलेल्या मुलांचीही अनाथ म्हणून नोंद करण्यात आली होती. चीनने २०२४ साली परक्या परदेशी जोडप्यांना मुले देणे बंद केले.

या सर्वांत मुलाचे काय झाले? पुष्कळांना चांगली घरे मिळाली, शिक्षण मिळाले, माया मिळाली. हे नाकारणे अन्यायाचे होईल. परंतु तीच मुले मोठी होऊन भारतात येतात तेव्हा त्यांच्या हाती अनेकदा एक कागद असतो, आणि त्यावर आईच्या नावाची जागा कोरी असते. मुंबईहून १९८९ साली अमेरिकेला नेलेल्या एका मुलीची हकीकत याहून कठीण आहे. तिला एका घरातून दुसऱ्या घरात फिरावे लागले आणि तिचे नागरिकत्वाचे कागद कोणी पुरे केले नाहीत. २००८ साली अमेरिकेने तिची रवानगी भारतात केली. तेव्हा ती स्वतः दोन मुलांची आई होती आणि तिची मुले अमेरिकेत राहिली. एक अर्ज वेळेवर न भरल्याने एका जीवाची दोनदा ताटातूट झाली.

आता आपल्या परंपरेकडे वळू. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) स्वतः यतीम होते. वडील जन्मापूर्वी वारले. आई सहाव्या वर्षी गेली. आधी आजोबांनी आणि नंतर चुलत्यांनी सांभाळले. त्यांच्या घरी वाढलेले हजरत जैद यांची कथा आपल्या मुलांना माहीत असते, पण तिचा अर्थ पुन्हा पाहण्यासारखा आहे. जैद लहानपणी पळवले गेले आणि गुलाम म्हणून विकले गेले. पुढे त्यांचे वडील हारिसा शोधत मक्केला आले. तेव्हा पैगंबरांनी (स.) वडिलांना परत पाठवले नाही आणि जैद यांना बळेच धरूनही ठेवले नाही. कोणाजवळ राहायचे हे जैद यांनाच विचारले. जैद यांनी राहणे पसंत केले. काही काळ लोक त्यांना मुहम्मदांचा पुत्र म्हणत. परंतु सूरह अहजाबमधील आज्ञेनंतर ते पुन्हा हारिसाचे पुत्र जैद म्हणून ओळखले गेले. प्रेम कमी झाले नाही. नाव मात्र ज्याचे त्याला परत मिळाले.

आपल्याकडे दत्तकाऐवजी कफाला मानला जातो तो यामुळेच. मुलाला घरात घ्यावे, खाऊ घालावे, शिकवावे, पण त्याचा नसब पुसू नये. संयुक्त राष्ट्रसंघाच्या १९८९ च्या बालहक्क कराराच्या विसाव्या कलमात कफाल्याचा नावानिशी उल्लेख आहे. मुलाला आपले कूळ ठाऊक असावे हा जो आग्रह आज जग धरू लागले आहे, तो आपल्याला नवा नाही. परंतु याचा अभिमान बाळगताना दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. दत्तक आमच्यात नाही, एवढे म्हणून आपण मोकळे झालो आणि त्याच तत्त्वावर यतीमाला स्वतःच्या घरात घेणारी कुटुंबे मात्र थोडीच निघाली, तर त्या तत्त्वाचा मुलाला काय उपयोग?

कायद्याने आता वाट खुली आहे. शबनम हाश्मी यांच्या याचिकेवर १९ फेब्रुवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, बालन्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या व्यक्तीस दत्तक घेता येईल. ज्याला आपल्या धार्मिक कायद्याप्रमाणे राहावयाचे असेल त्याच्यावर सक्ती नाही. ज्यांना दत्तक नको त्यांच्यासाठी १८९० च्या कायद्याखाली पालकत्व आहे, बालन्याय कायद्यात प्रतिपालनाची सोय आहे. मिळकतीबाबत हयातीत हिबा करता येतो आणि एक तृतीयांशापर्यंत वसियत करता येते. कोणता मार्ग घ्यावा हे ज्याने त्याने आपल्या उलेमांचा आणि वकिलांचा सल्ला घेऊन ठरवावे. मार्ग नाही, असे मात्र आता म्हणता येणार नाही.

शेवटी आपल्या दोन जिल्ह्यांचा विचार. मिरची तोडण्याच्या हंगामात येथील मजूर कुटुंबे तेलंगणात जातात. लहान मुले कधी बरोबर, कधी आजीजवळ. बल्लारशा हे दिल्ली-चेन्नई मार्गावरील जंक्शन. चुकलेले, पळालेले किंवा पळवलेले मूल अशा स्थानकावर दिसणे नवलाचे नाही. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातील झरी-जामणी भागात कुमारी मातांचा प्रश्न आहे. गोंड, माडिया, कोलाम, बंजारा किंवा आपल्याच मोहल्ल्यातील एखादी टाकलेली बाई, कोणाच्याही दारात असा दलाल उभा राहू शकतो. म्हणून पुढील गोष्टी प्रत्येक घरात माहीत असाव्यात.

बेवारस मूल आढळल्यास ते घरी ठेवून घेऊ नये. १०९८ या क्रमांकावर किंवा पोलिसांना कळवावे. चोवीस तासांच्या आत मूल जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे जावे लागते. आईला खरोखरच मूल सांभाळणे अशक्य असेल तर ती याच समितीपुढे जाऊ शकते. तेथे तिला समजावले जाते आणि निर्णय फिरवण्यासाठी दोन महिने मिळतात. दाई, दवाखान्यातील ओळखीचा माणूस किंवा मध्यस्थ यांच्यामार्फत मूल घेणे वा देणे हा गुन्हा आहे. मुलाच्या खरेदी-विक्रीला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, आणि दवाखान्यातील माणूस त्यात असेल तर सात वर्षांपर्यंत. जन्माची नोंद एकवीस दिवसांत करावी. नोंद नसलेल्या मुलाला नवी कहाणी चिकटवणे सोपे जाते. विधवा किंवा टाकलेल्या बाईला मूल जवळ ठेवता यावे म्हणून राज्य सरकारची बालसंगोपन योजना आहे. तिचा अर्ज भरून देणे हे आपल्या शिकलेल्या मुला-मुलींना सहज जमण्यासारखे काम आहे.

आणि जे यतीमखाने व वसतिगृहे चालवतात त्यांना नम्र विनंती. निराधार मुलांना ठेवणाऱ्या संस्थेची बालन्याय कायद्याखाली नोंदणी करणे सक्तीचे आहे. ती करून घ्यावी. पण त्याहून आधी आपली वही उघडून पाहावी. प्रत्येक मुलासमोर आईचे नाव, गाव, हयात नातेवाईक आणि मूल येथे येण्याचे खरे कारण लिहिलेले आहे काय? आई शेवटची केव्हा भेटून गेली, याची तारीख आहे काय? नसेल तर याच वर्षी ती माहिती गोळा करावी. जी आई महिना दोन-तीन हजार रुपयांच्या मदतीने मूल घरी ठेवू शकते, तिच्या मुलासाठी यतीमखान्यात खाट टाकण्यापेक्षा ती मदत तिच्या घरी पोचवणे अधिक चांगले.

यतीमाच्या मालाला हात लावू नये, ही ताकीद आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. जंगलपट्टीतील गरीब मुलाजवळ शेत नसते, सोने नसते. त्याची आई, त्याचे नाव आणि त्याचे गाव, एवढीच त्याची मिळकत. ती सांभाळून ठेवण्याची अमानत आपल्यावर आहे.